चालीत न बसलेली ओळ

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, पण गावात मला विज्ञानाचे सर असं कुणी कधी म्हटलं नाही. सगळे 'बुवा सर' म्हणत. त्याला कारणही तसंच होतं. आसपासच्या कुठल्याही गावात सप्ताह बसला की शाळा सुटल्यावर माझी सायकल तिकडं वळायची. पुढच्या रांगेत मांडी ठोकून बसावं, बुवांनी पूर्वरंगात एखादं तत्त्व सांगावं, उत्तररंगात त्यावर गोष्ट रचावी, मधेच मृदंग थांबवून एक वाक्य असं टाकावं की डोळे पुसत बसलेल्या आयाबाया खुदकन हसाव्यात. माझ्या मनात यायचं, देवा, शिकवणं म्हणतात ते हेच. माणूस हसला की त्याच्या मनाचं दार उघडं असतं, तेवढ्यात आपली गोष्ट आत ठेवून द्यायची.

म्हणून अवघड धडा आला की मी त्याचं कीर्तन करायचो. खांद्यावर उपरणं, टेबलाचा मृदंग, आणि कंपासपेट्यांची झाकणं एकमेकांवर आपटून पोरांनी धरलेला ताल. हेडमास्तर आधी कुरकुरले, मग खिडकीत उभे राहून ऐकू लागले.

दोन हजार आठ सालची गोष्ट. नववीचा वर्ग, धडा रासायनिक अभिक्रियेतल्या ऊर्जाबदलाचा. पुस्तकात दोन शब्द होते, उष्मादायी आणि उष्माग्राही. पोरं ते पाठ करायची आणि परीक्षेत उलटे लिहून यायची. मी ठरवलं, यंदा शब्द आधी सांगायचेच नाहीत. आधी हात लावू द्यायचा.

घमेल्यात पाणी घेतलं आणि चुन्याची कळी टाकली. फसफस आवाज झाला, वाफ निघाली, घमेल्याला हात लावणारं प्रत्येक पोर 'आई गं' करून मागं सरलं. मग एका काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन मुठी यूरिया टाकला. ग्लास हातोहात फिरवला. शेवटच्या बाकापर्यंत पोरांचे डोळे मोठे झाले. ऐन भादव्यातला उकाडा, पंखा भारनियमनात बंद, आणि हातात बर्फासारखा ग्लास.

"हे यूरियानं झालं?" बद्रुद्दीनची फिजा म्हणाली. "आमच्या घरी पोतं भरून आहे, आणि आम्ही गरम पाणी पिऊन राह्यलो!"

वर्ग हसला. मी टेबलावर थाप मारली आणि पूर्वरंग सुरू केला. रेणूंमधले बंध तोडायचे तर ऊर्जा घालावी लागते. नवे बंध जुळले की ऊर्जा बाहेर येते. जुळताना निघालेली जास्त भरली तर भांडं तापतं. कमी पडली तर भांडं आजूबाजूची ऊब ओढून घेतं, म्हणून हाताला गार लागतं. यूरिया पाण्यात नुसता विरघळतो, नवा पदार्थ होत नाही, हेही फळ्यावर लिहून दिलं. पण कणांची एकमेकांवरची पकड सुटायला तिथंही ऊब लागतेच.

पायल उभी राहिली. भाऊरावची पोरगी, वर्गात सगळ्यात कमी बोलणारी आणि सगळ्यात जास्त विचार करणारी.

"सर, काही तुटलं तर आतलं बाहेर यायला पाहिजे ना? ऊर्जा बाहेर पडायची सोडून वरून घालावी काऊन लागते?"

"तू दोन जिवाच्या मैत्रिणींची ताटातूट करून पाहा," मी म्हणालो. "पायल आणि फिजाला एका बाकावरून उठवायचं म्हटलं तर मला केवढा जोर लागेल?"

"जेसीबी लागंल सर!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि त्या हशात मी गाणं धरलं. आदल्या दिवशी रचलेलं.

चुनखडी भाजली, कळी ती झाली,
पाण्यात पडता तापून आली.
यूरिया पाण्यात गुपचूप शिरे,
हाताची ऊब चोरून विरे.

'चोरून विरे' म्हणताना मी हात असा झटकायचो की जणू कुणी खिसा मारला. पोरं लोटपोट. कीर्तनात हशा पिकला की बुवा क्षणभर थांबतात, चेहऱ्यावर काही न आणता. मीही थांबलो. ती थांबायची जागा मला फार गोड लागली.

आता जे सांगायचं ते इथंच सांगतो. गाणं रचताना माझ्या कागदावर आणखी एक वाक्य होतं. यूरियाचं पाणी जनावरानं प्यायलं तर जनावर मरतं. मी बारा वर्षांचा असताना आमच्या वडिलांचं एक वासरू तसंच गेलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलेलं. ते वाक्य मी चालीत बसवून पाहिलं, एकदाच, आणि खोडलं. हशा पिकल्यावर मरणाची गोष्ट कशी आणायची? तासाच्या शेवटी तोंडी सांगू म्हटलं. तास संपला तेव्हा पोरं गात गात बाहेर पडत होती. मी उपरणं झटकून घडी घातली, आणि सांगायचं राहून गेलं.

*

भाऊराव आणि बद्रुद्दीन यांची बैलजोडी गावात सगळ्यांना माहीत होती. जोडी म्हणजे एक बैल याचा, एक त्याचा. पाखऱ्या भाऊरावचा, ठिपक्याठिपक्यांचा, शांत. सुलतान बद्रुद्दीनचा, उंच, तांबडा, थोडा उतावळा. जमीन दोघांची बेताची, दोन-दोन बैल पोसायची ऐपत कुणाचीच नव्हती, म्हणून अकरा वर्षांपासून एक दिवस याच्या शेतात आणि एक दिवस त्याच्या. गावात पोळा भरला की एकाच तोरणाखाली दोघं आपापला बैल धरून उभे राहत, आणि पुंजाजी म्हातारा दरवर्षी तेच बोलायचा, "या दोघायचं लगन लावून द्या रे एकदाचं!" बैलांचं की माणसांचं, ते तो सांगत नसे.

त्या साली पाऊस लांबला. जूनची पेरणी वाया गेली, बीटी बियाण्याचं दुसरं पाकीट फोडावं लागलं. त्यामुळं पोळा होऊन गेला, रमजान लागला, तरी कपाशी गुडघ्याएवढीच होती आणि तण मात्र जोरात. ज्या वेळी तण काढायचे डवरे धुऊन ठेवायचे, त्या वेळी डवरणी चालू होती. बद्रुद्दीन रोजा धरून दिवसभर डवऱ्यामागं चालायचा.

पुढचं मला नंतर कळलं, थोडं पायलकडून, थोडं भाऊरावकडून.

भाऊरावचं घर गावाच्या कडेला, शेताला लागून. त्या दिवशी पाळी त्याच्या शेताची होती. चार ओळी राहिल्या होत्या आणि दिवस कलत होता. बद्रुद्दीन रोजा सोडायला एरवी घरी जायचा. पायल बांधावर येऊन म्हणाली, "चाचा, आज इथंच सोडा ना रोजा. असं थंडं पाणी पाजते, फ्रिजवाल्यायले बी भेटत नाही."

"कुठून आणतं बेटी? मटक्यातलं पाणी तं चहावानी झालं."

"ते तुम्ही पाहाच."

तिनं गोठ्यातली बादली घेतली. त्यात पाणी ओतलं, पोत्यातला यूरिया टाकला, चांगला ढवळला, आणि पिण्याच्या पाण्यानं भरलेला कडीचा डबा झाकण घट्ट लावून त्यात उभा केला. माझ्या वर्गात दोन मुठी होत्या. तिनं टोपलंभर टाकला, चाचाला जास्त गार पाणी मिळावं म्हणून. अजान झाली. बद्रुद्दीननं खजूर तोंडात टाकला, डबा तोंडाला लावला आणि डोळे मिटले.

"या अल्ला," तो म्हणाला, "भाऊराव, तुई पोरगी जादूगार आहे."

बादलीतलं पाणी तिनं लगेच फेकलं नाही. यूरिया महाग, मिळायलाही रांग. सकाळी कपाशीच्या बुडाशी टाकू म्हणून बादली गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवली. ती बादली बैलांच्या पाण्याची होती. जू उतरलं, तोंडावरचं मुसकं निघालं की दोन्ही बैल सवयीनं तिच्याकडंच जात. बद्रुद्दीन नमाजाला उभा राहिलेला, भाऊराव डवरा उचलून ठेवत होता. सुलतान उतावळा, तो पुढं गेला. पायल डबा घासून वळली तेव्हा त्यानं तोंड वर काढलं होतं. ओठांवरून पाणी गळत होतं आणि बादली अर्धी झाली होती.

तिला वाटलं, पोट बिघडेल फार तर. बाप रागवेल, यूरिया वाया गेला म्हणून. तिनं उरलेलं पाणी ओतून दिलं.

थोड्याच वेळात सुलतान थरथरायला लागला. तोंडाला फेस आला, पोट फुगलं, एकदा हंबरला आणि बसला. पुंजाजीला बोलावलं, त्यानं तेल पाजलं, पोट चोळलं. चिखलीहून गुरांचा डॉक्टर यायच्या आतच सगळं आटोपलं होतं.

*

सकाळी मी तिथं पोचलो तेव्हा वीस-पंचवीस माणसं जमली होती. सुलतान गोठ्यासमोर आडवा, त्यावर पोतं टाकलेलं. बद्रुद्दीन त्याच्या डोक्यापाशी उकिडवा बसला होता. भाऊराव उभा होता, हात कुठं ठेवावे हे न कळल्यासारखा.

"मुसकं बांधलं होतं का नाही, तेवढं सांग," बद्रुद्दीन खाली पाहूनच बोलला.

"बांधलं होतं ना बद्रूभाई. तुमच्यासमोर बांधलं."

"सोडल्यावर? मी नमाजाले उभा होतो तवा कुठं होता सुलतान?"

"इथंच होता. पाच मिनिटाची तं गोष्ट."

"पाच मिनिट लय झाले बे," पुंजाजी मधे पडला. "कपाशीत तोंड घालाले किती वेळ लागते? बीटीचा पाला म्हंजे जहर. तिकडं मेंढरं मेले, ऐकलं नाही का? पोट पाहा, नगाऱ्यावानी झालं."

"पुंजाजी, तुम्ही जरा चूप बसा."

"मी बसतो चूप. पोट बसते का?"

भाऊरावचा आवाज चढला. "बद्रूभाई, बीटी तुम्ही बी पेरली ना? तुमच्या बांधावर हजार वेळा सोडले बैल."

बद्रुद्दीन उठला. अकरा वर्षांत त्यानं भाऊरावकडं असं पाहिलं नसेल. "मी पेरली, भाऊ. पण तुया पाखऱ्याले मी चारली नाही."

माझी नजर तेव्हा गोठ्याच्या भिंतीकडं गेली. बादली पालथी नव्हती, सरळ ठेवलेली. आतल्या अंगाला, रात्रभरात वाळलेला, पांढरा थर होता. मिठासारखा. मी वाकलो, बोट लावलं. यूरिया. मान वर केली तर समोर दाराच्या चौकटीला धरून पायल उभी. तिनं मला बोट लावताना पाहिलं होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. तिनं मला सर म्हणून हाक मारली नाही. मीही काही बोललो नाही.

मला तेव्हाच बोलायचं होतं, असं आज म्हणणं सोपं आहे. खरं हे की मी मागं फिरलो, सायकल काढली आणि घंटेच्या आधी शाळेत जाऊन बसलो.

पायल शाळेत आली नाही. फिजा आली, आणि दप्तर घेऊन दुसऱ्या बाकावर बसली. त्या दिवशी पोरींना उठवायला जेसीबी लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. गावात मात्र पाल्याची गोष्ट मोठी होत चालली होती. भाऊरावनं मुद्दाम सोडला म्हणे. मुसकं फाटकं होतं म्हणे. ज्यांनी स्वतःच्या शेतात तेच बियाणं पेरलं होतं, तेही पारावर बसून बीटीच्या पाल्याचं जहर सांगत होते. पुंजाजी तर रोज एक मेंढरू वाढवत होता.

मी काय करत होतो? मनाशी कारणं जुळवत होतो. पोरीचं नाव कशाला पुढं आणायचं, लोक तिला जगू देणार नाहीत. आज ना उद्या मिटेल. आणि एक कारण असं होतं की ते मी देवासमोरही उच्चारलं नाही. येत्या रविवारी चिखलीला तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांचा मेळावा होता आणि माझं 'ऊर्जेचं कीर्तन' तिथं ठेवलं होतं. छापील पत्रिकेत नाव होतं माझं.

शुक्रवारी गणपतीसमोर गावात कीर्तन झालं. मी मागं, चपलांपाशी बसलो. बुवा रंगात आले, सगळ्यांनी टाळ्या धरल्या. माझे हात उचललेच गेले नाहीत. बाजूच्यानं विचारलं, "बुवा सर, तब्येत बरी नाही का?" मी हो म्हटलं. ते एक तेवढं खोटं नव्हतं.

*

रविवारी चिखलीला गेलो आणि गायलो. लपवत नाही, चांगला गायलो. दीडशे शिक्षक बाकं वाजवत होते. 'चोरून विरे' आलं, मी हात झटकला, सभागृह हसलं, आणि मी सवयीनं थांबलो. त्या थांबलेल्या क्षणात मला पोत्याखालचं फुगलेलं पोट दिसलं. पुढचं कडवं कसं म्हटलं ते आठवत नाही. शेवटी शाल दिली, नारळ दिला. एक साहेब म्हणाले, हे सगळ्या शाळांना पाठवू. मी मान हलवली.

परतीच्या जीपमध्ये चौदा माणसं कोंबलेली. मांडीवर नारळ. मी मनातल्या मनात मोजत होतो, दीडशे शिक्षक, प्रत्येकाचा एक वर्ग, प्रत्येक घरात एक पोतं आणि गोठ्यात एक बादली.

फाट्यावर उतरलो तर समोरून भाऊराव येत होता. पाखऱ्याचं दावं हातात. मागं पायल, हातात मुसकं. आठवड्यात पोरगी वाळून गेली होती.

"कुठं निघाले भाऊराव?"

"बद्रूभाईच्या दारी." तो थांबला नाही. "त्याचा बैल माया दारात गेला. माया त्याच्या दारात बांधतो. मंग बोलू दे गावाले काय बोलाचं ते."

"आणि डवरणी? शेत?"

"शेताचं पाहू. पायलची माय म्हणते पुण्याकडं तिच्या भावाजवळ जाऊ, तिकडं काम भेटते. पोरीले घेऊन जातो. ती बी आता शाळेत जाऊन नाही राह्यली."

मी त्यांच्या मागं चालू लागलो. शाल खांद्यावर, नारळ हातात, मिरवणुकीतून चुकलेल्या माणसासारखा.

बद्रुद्दीन ओट्यावर सुतळी वळत बसला होता. त्याची बायको बानो दारातून पाहत होती, तिच्यामागं फिजा. भाऊरावनं सुलतानच्या रिकाम्या खुंट्याला दावं बांधलं. पाखऱ्यानं जमीन हुंगली, मान वर केली आणि इकडंतिकडं पाहिलं, जोडीदार कुठंय म्हणून.

"हे काय लावलं?" बद्रुद्दीन म्हणाला.

"तुमचं तुम्हाले देऊन राह्यलो."

"मी मागितलं का?"

"गाव मागून राह्यलं ना. रोज."

"मंग गावाच्या दारात बांध जाऊन!" बद्रुद्दीननं सुतळी फेकली. "मले काऊन आणून देतं? मी याच्याकडं पाहीन तं मले तो दिसन, तुले समजत नाही का रे?"

भाऊराव वळला. आता तो गेला की गेला, हे मला दिसत होतं. हे दोघं तुटायला आठ दिवस केवढा जोर लागला होता, आणि तो जोर मीच पुरवत होतो, गप्प राहून.

"बद्रुद्दीनभाई," मी म्हणालो, "पाल्यानं नाही मेला सुलतान. माझ्यामुळं मेला."

दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं. ग्लास, गाणं, बादली, पांढरा थर. पायलचं नाव मला टाळायचं होतं, पण ते टाळून गोष्ट सांगता येत नव्हती. मी म्हणालो, तिनं तुमच्या रोजासाठी केलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

भाऊराव पोरीकडं वळून म्हणाला, "बाई, तुले माहीत होतं? एवढे दिवस?" पायलनं मान खाली घातली. मुसकं तिच्या हातात चुरगळत होतं.

मग तिनं वर पाहिलं. बापाकडं नाही, माझ्याकडं.

"सर, तुम्हाले माहीत होतं ना? ते पाणी ढोराले मारते म्हणून?"

"हो."

"आधीपासून?"

"तुझ्याहून लहान होतो तेव्हापासून."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

देवाशपथ, मला दुसरं उत्तर सुचलं नाही. "चालीत बसत नव्हतं गं."

मग ती, गाणं म्हणतात तसं नाही, नुसतं बोलतात तसं, अगदी हळू म्हणाली,

"बसते सर. यूरिया पाण्यात गुपचूप शिरे, ढोराच्या पोटात जहर भरे."

बसत होतं. मात्रा न मात्रा. आठ दिवस ती घरात कोंडून हेच करत होती, माझं गाणं दुरुस्त करत होती.

आत बानो पदर तोंडाला लावून रडत होती. बद्रुद्दीन उठला, पायलसमोर आला. मला वाटलं हात उगारतो. त्यानं तिच्या हातातलं मुसकं काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"पाणी लय थंडं होतं, बेटी," तो म्हणाला. "साऱ्या रमजानात तसं पाणी मी प्यालो नाही." आणि मग त्याला ते आवरलं नाही. सुलतान गेला त्या दिवसापासून पहिल्यांदा तो माणूस रडला.

फिजा दारातून धावत आली. दोघी पोरी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मी नारळ घेऊन तिथंच उभा होतो. माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि ते बरोबरच होतं.

*

नंतरचं थोडक्यात सांगतो. भाऊराव पुण्याला गेला नाही. पाखऱ्या त्याच संध्याकाळी बद्रुद्दीननं स्वतः परत नेऊन बांधला. पारावर मी उभा राहून सगळं पुन्हा सांगितलं. पुंजाजी म्हणाला, "मी तं आधीच म्हणत होतो, पाल्यानं काही होत नाही," आणि कुणी त्याला अडवलं नाही. चिखलीच्या साहेबांना मी पत्र लिहिलं, गाणं पाठवू नका, आणि पाठवलं असेल तर सोबतची ओळ पाठवा. दिवाळीनंतर मी एक गोऱ्हा आणून दिला. बद्रुद्दीन नको नको म्हणाला, शेवटी ठेवून घेतला. पण तो पाखऱ्याच्या खांद्याला कधी लागला नाही. एक पुढं ओढायचा, एक मागं राहायचा. त्या हंगामात दोघांची कपाशी तणानं खाल्ली. पुढच्या वर्षी पाखऱ्याही थकला. दोघं एकाच भाड्याच्या ट्रॅक्टरनं वखरू लागले आणि पोळ्याला तोरणाखाली रिकाम्या हातांनी शेजारी शेजारी उभे राहू लागले. पुंजाजी लग्नाचं बोलायचा बंद झाला.

शाल मी पुन्हा अंगावर घेतली नाही. नारळ देवापुढं ठेवला होता, फोडायचं धाडस झालं नाही. आतल्या आत वाळला, हलवलं की खडखड वाजायचा.

पायल शाळेत परत आली, फिजाच्या बाकावर. वर्गात मी तो धडा पुन्हा घेतला, नव्या ओळीसकट. सगळ्यांनी म्हटली. तिचे ओठ हलले नाहीत. त्यानंतर कुठलंच गाणं तिनं म्हटलं नाही.

दहावीला विज्ञानात तिला शाळेत सगळ्यात जास्त गुण मिळाले. चिखलीच्या कॉलेजचा अर्ज भरायला भाऊराव तिला माझ्याकडं घेऊन आला. मी पेन उघडलं आणि पाहतो तर शाखेच्या रकान्यात तिनं आधीच कला लिहून ठेवलं होतं, सुंदर अक्षरात.

"पायल," मी म्हणालो, "काऊन गं? तू तर विज्ञानाची पोरगी."

ती हसली, म्हणजे हसल्यासारखं केलं.

"विज्ञानात समदं सांगा लागते सर. मले भेव वाटते, माया हातून काही सांगायचं राह्यलं तं."

मी पालकाच्या सहीची जागा भाऊरावला दाखवली. शिक्षकाच्या सहीची माझी होती. दोन्ही सह्या झाल्या. तिनं अर्जाची घडी घातली, वाकून नमस्कार केला आणि बापामागं निघून गेली.

तो धडा मी निवृत्त होईपर्यंत दरवर्षी घेतला. 'चोरून विरे' वर पोरं हसायची. मग पायलची ओळ यायची, आणि तिच्यानंतर मी थांबायचो, हशासाठी थांबायचो तेवढाच वेळ. तिथं कुणी हसत नसे.